मूल शाळेत जायला तयार नाही: विशेष गरजा असलेल्या मुलांच्या हजेरीबद्दल पुण्यातल्या पालकांसाठी

शाळेकडून पहिला निरोप बहुधा डायरीत येतो. "उपस्थिती कमी आहे. पालकांनी भेटावे." दोनच ओळी, पण घरातलं वातावरण बदलून जातं. आईबाबांना वाटतं आपणच कुठेतरी कमी पडलो. आजी म्हणते, लाड फार झाले. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय तो सकाळी पांघरूण डोक्यावरून ओढून पोटात दुखतंय म्हणत पडलेला असतो.

हा लेख त्या घरांसाठी आहे. मुलाला ऑटिझम असेल, अध्ययन अक्षमता (लिहिण्या-वाचण्यातली अडचण) असेल, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलता फार), अपस्मार (फिट येणं), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत अडचण), ऐकण्याची किंवा बौद्धिक विकासाची अडचण असेल, आणि ते नेहमीच्या शाळेत शिकत असेल. तुम्ही पुण्यात नवे असाल किंवा या प्रश्नाला नव्याने तोंड देत असाल. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, पालकांच्या गटात मी बरीच वर्षं आहे, आणि तिथे जे पुन्हा पुन्हा उपयोगी पडलेलं पाहिलं तेच इथे लिहिते आहे.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. हजेरीचा टक्का वाढवायच्या मागे लागू नका. आधी गैरहजेरीचे दिवस तांदूळ निवडावेत तसे निवडून वेगळे करा. कुठला दिवस कशामुळे बुडला हे कळल्याशिवाय डॉक्टरांकडे जायचं, मुख्याध्यापकांकडे जायचं, व्हॅनवाल्या काकांशी बोलायचं की शिक्षण विभागाकडे अर्ज करायचा, हे ठरतच नाही.

हजेरीपत्रक मागून घ्या

वर्गशिक्षिकेकडे मागच्या दोन-तीन महिन्यांची हजेरी तारखांसह मागा. टक्का नको, तारखा हव्यात. मागायला संकोच करू नका. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांना नियमित भेटणं आणि मुलाच्या उपस्थितीची, प्रगतीची माहिती देणं हे त्यातलंच एक आहे.

मग घरच्या कालनिर्णयवर किंवा साध्या वहीत त्या तारखा मांडा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. साधारण चार ढीग होतात. आजारपण आणि उपचार, म्हणजे ताप, फिट, थेरपीची वेळ, दवाखान्याची तारीख. दुसरा, मूल जायला तयारच झालं नाही. तिसरा, ये-जा आणि घरची अडचण: व्हॅन आली नाही, पाऊस, सोबतीला कोणी नव्हतं. आणि चौथा, शाळेनेच "आज पाठवू नका" म्हटलं किंवा मधल्या सुट्टीत फोन करून न्यायला बोलावलं.

हा चौथा ढीग बहुतेक पालक मोजतच नाहीत. मधेच न्यायला बोलावलं त्या दिवशी हजेरीपत्रकात मूल हजर असतं, कारण सकाळी नाव घेतलेलं असतं. प्रत्यक्षात ते दोन तासांत घरी आलेलं असतं. सहलीला नको, स्नेहसंमेलनाच्या तालमीला नको, "आज बाई रजेवर आहेत, सांभाळायला कोणी नाही", असे दिवस लिहायला लागलात की वर्षाचं चित्र वेगळंच दिसतं. तारीख, वेळ, फोन कोणी केला आणि काय कारण सांगितलं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याने आठवून लिहिलेल्याला शाळेत कोणी किंमत देत नाही.

तारखांकडे नीट बघा

आमच्या गटातल्या एका तिसरीतल्या मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या आईला वाटायचं तो "कधीही" नाही म्हणतो. तारखा मांडल्यावर दिसलं की जवळजवळ सगळे दिवस बुधवार आणि शनिवार आहेत. त्या दोन दिवशी पीटीचा गणवेश असायचा, आणि हाऊसचा रंगीत टी-शर्ट नायलॉनसारख्या कापडाचा. मानेमागे लेबल, कडक कॉलर. त्या आईने टी-शर्ट उलटा करून दाखवला, तेव्हा लेबलाजवळची शिवण बोटालाही टोचत होती. मुलाला बोलून सांगता येत नव्हतं, तो फक्त सकाळी कपाटाचं दार धरून उभा राहायचा. मुख्याध्यापिकांनी त्याच रंगाचा सुती टी-शर्ट चालेल असं लिहून दिलं आणि बुधवार सुटला. शनिवार मात्र सुटला नाही, कारण शनिवारी मैदानावर सगळ्या शाळेचा परिपाठ लाउडस्पीकरवर व्हायचा. ते वेगळं कारण होतं आणि त्याला वेगळी सोय लागली.

म्हणून वार बघा, तास बघा, महिना बघा. दर सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नकार येत असेल तर घरून शाळेत जाण्याचा बदलच जड जातो आहे. घटक चाचणीच्या आधी येत असेल तर लिहिण्या-वाचण्याची भीती. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना मोठ्याने वाचायला उभं करणं ही फार मोठी शिक्षा वाटते, आणि ती गोष्ट ती घरी सांगत नाहीत. नकार अचानक, महिन्याच्या मध्येच सुरू झाला असेल तर काहीतरी घडलं आहे असं धरून चला: शिक्षिका बदलल्या, बाक बदलला, मित्र शाळा सोडून गेला, कोणी चिडवलं, कोणी मारलं.

स्वच्छतागृहाबद्दल मुद्दाम विचारा. कडी लागत नाही, वास येतो, मोठी मुलं दारावर थापा मारतात, शी झाली तर धुवायला मदत करणारं कोणी नाही. सकाळी पाणी प्यायला नकार देणारी, डबा तसाच परत आणणारी आणि घरी पोचल्याबरोबर संडासाकडे धावणारी मुलं आपल्याला दुसऱ्या भाषेत हेच सांगत असतात.

बोलणाऱ्या मुलालाही "शाळेत का जायचं नाही?" हा प्रश्न फार मोठा पडतो. त्यापेक्षा दिवसाचे तुकडे करा. व्हॅन, फाटक, परिपाठ, पहिला तास, मधली सुट्टी, संडास, पीटी, घरी येणं, अशा चिठ्ठ्या किंवा चित्रं करा. मोबाइलवर शाळेचे फोटो असतील तर आणखी चांगलं. मुलाला त्यांच्या दोन ओळी लावायला सांगा, चालतं ते इकडे आणि नको ते तिकडे. न बोलणारी मुलंही हे करतात. शाळेच्या वेळेला हे करू नका, रविवारी दुपारी वगैरे करा.

दुखणं खरं आहे असं धरून चला

भीतीने होणारी पोटदुखी हीसुद्धा पोटदुखीच असते, मूल नाटक करत नसतं. पण शरीराची बाजू आधी तपासून घ्या: बद्धकोष्ठता, दातदुखी, कान, चष्म्याचा नंबर, झोप. अपस्माराच्या किंवा एडीएचडीच्या औषधाने सकाळी सुस्ती येत असेल, भूक जात असेल, तर औषधाची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. स्वतःहून गोळी बंद करू नका, अपस्मारात ते धोक्याचं असतं.

पुण्यात विकासाची सविस्तर तपासणी करायची असेल तर रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं मॉरिस बालविकास केंद्र जुनं आणि अनुभवी आहे. बुद्धिमापन आणि शिकण्यातल्या अडचणींच्या चाचण्यांसाठी सदाशिव पेठेत ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था आहे. मूल रात्री झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल, तर हजेरीचा विषय बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. मुलाला कोणी त्रास देत असल्याची शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

थेरपीमुळे शाळा बुडत असेल तर एक साधी गोष्ट करा. संध्याकाळच्या वेळा सगळ्यांनाच हव्या असतात, त्यामुळे नव्या पालकांना बहुधा सकाळची किंवा दुपारची वेळ मिळते. मग आठवड्यातला एकच ठरावीक दिवस धरा, थेरपिस्टकडून पत्र घ्या आणि शाळेशी लेखी ठरवा की त्या दिवशी मूल शेवटचे दोन तास नसेल. अधूनमधून न सांगता बुडालेले दिवस शाळेला खटकतात. आधी ठरवलेली सवलत खटकत नाही.

शाळेत जाताना कागद घेऊन जा

पहिली भेट वर्गशिक्षिकेची, आणि ती चांगल्या मनाने. बहुतेक बाईंना मदत करायची असते. एका वर्गात पन्नासच्या आसपास मुलं असतात आणि बाईंना विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण मिळालेलं नसतं, हे लक्षात ठेवा. तक्रार घेऊन जाऊ नका, तुमची वही घेऊन जा. "बाई, हे दिवस बघा, तुम्हाला वर्गात काय दिसतं?" एवढ्या एका प्रश्नातून जे कळतं ते घरी बसून कळत नाही. शाळेत समुपदेशक किंवा विशेष शिक्षिका असतील तर त्यांनाही बसायला सांगा. शक्य असेल तर आई आणि बाबा दोघांनी जा. एकट्या आईचं म्हणणं "काळजीपोटी बोलतायत" म्हणून बाजूला टाकलं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे आणि त्याचा मला राग येतो.

भेट चांगली झाली तरी जे ठरलं ते लिहून द्या. पुण्यात अर्जाची पोच घेण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, शाळेतही तीच वापरा. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर सही-शिक्का आणि तारीख घ्या. कार्यालयातले क्लार्क "ठेवून जा" म्हणाले तर नम्रपणे थांबा. मजकूर साधारण असा असावा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: इयत्ता तिसरीतील माझ्या मुलाची उपस्थिती व त्यासाठी लागणाऱ्या सोयींबाबत. महोदय, माझ्या मुलास ऑटिझम असल्याचे निदान झाले आहे. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. जून ते ऑगस्टमधील त्याच्या गैरहजेरीच्या तारखा आम्ही पाहिल्या. त्यातील बहुतेक दिवस बुधवार व शनिवारचे आहेत. गणवेशाच्या कापडाचा व मैदानावरील परिपाठातील आवाजाचा त्याला त्रास होतो. तरी सुती टी-शर्ट वापरण्याची व परिपाठाच्या वेळी वर्गात थांबण्याची परवानगी मिळावी, तसेच फाटकापाशी त्याला घेण्यासाठी एक ठरावीक मावशी नेमाव्यात, ही विनंती. एक महिन्याने आपण एकत्र बसून आढावा घेऊ. कृपया पोच द्यावी."

तीनच मागण्या ठेवा, आणि त्या करण्याजोग्या ठेवा. दहा मागण्यांच्या यादीतली एकही होत नाही. दर मागणी तुमच्या वहीतल्या एखाद्या तारखेशी जुळली पाहिजे.

कायदा किती वापरायचा

कायदा पाठ असावा, पण पहिल्या भेटीत काढू नये, असं माझं मत आहे. तुम्हाला आतून ठाम राहता यावं यासाठी तो लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही त्यात येतात. कलम १६ शासनमान्य शाळांबद्दल आहे, फक्त सरकारी शाळांबद्दल नाही. भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी, त्याच्या सहभागावर लक्ष, आणि ये-जा करण्याची सोय हे सगळं त्यात आहे. पालकांना अनेकदा सांगितलं जातं की "चाळीस टक्क्यांचा दाखला आणा, मग बघू." ४० टक्क्यांची अट मोफत शिक्षण, आरक्षण, शिष्यवृत्ती अशा लाभांसाठी आहे. वर्गात वाजवी सोय देण्यासाठी कलम १६ मध्ये ती अट नाही.

आरटीई, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. "हजेरी अशीच राहिली तर नाव कमी करू" असं कोणी म्हणालं तर हे कलम आठवा. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार तिला आरटीई लागू होत नाही. पुण्यात अशा बऱ्याच शाळा आहेत. तिथे तुमचा आधार दिव्यांग हक्क कायदा.

दाखला काढून ठेवा, पण त्यासाठी अडून राहू नका

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. अर्जात रुग्णालय निवडायचं, पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, आणि मग तपासणीला जायचं. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, आजवरचे सगळे अहवाल मूळ आणि झेरॉक्स बरोबर ठेवा. दुसऱ्या राज्यातून आला असाल आणि कार्ड आधीच असेल तर ते इथेही चालतं, पत्ता मात्र बदलून घ्या.

ससूनला जाणं मुलासाठी अवघड असतं, हे आधीच धरून चला. गर्दी, रांग, औषधांचा वास. कानावर लावायचे हेडफोन, पाणी, खाऊ, आवडतं खेळणं न्या आणि बरोबर दुसरं मोठं माणूस असू द्या. एकाने रांगेत राहायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन मोकळ्या जागेत थांबायचं.

अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारण आठव्या वर्षाआधी देत नाहीत. पहिली-दुसरीतल्या मुलाचे पालक "दाखला मिळाला की शाळेशी बोलू" म्हणून थांबतात, आणि तेवढ्यात मुलाच्या मनात शाळेची धास्ती पक्की बसते. मानसशास्त्रज्ञांचा अहवाल असेल तर तेवढ्यावर सोयी मागायला सुरुवात करा. दाखला हाती आला की परीक्षेतल्या सवलतींसाठी लगेच अर्ज द्या: जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयातली सूट. परीक्षेची भीती कमी झाली की सकाळचे नकार कमी होतात, हा दुवा शाळांच्या लक्षात येत नाही. तो तुम्ही आणून द्या.

परत शाळेत जायला लागताना

मूल काही आठवडे घरीच असेल तर सोमवारी सकाळी गणवेश घालून पूर्ण दिवस पाठवायचा बेत करू नका. जितके दिवस घरी जातात तितकं परतणं कठीण होतं हे खरं, म्हणून सुरुवात लवकर करा. पण सुरुवात छोटी असू द्या.

आधी संध्याकाळी, शाळा रिकामी असताना, फाटकापर्यंत चालत जा. शाळेची परवानगी घेऊन एक दिवस वर्गात जाऊन त्याचा बाक, त्याचं खुंटाळं दाखवा. मग त्याच्या आवडीचा एक तास, चित्रकलेचा असेल, संगणकाचा असेल. तो पहिला असायलाच हवा असं नाही. शाळेने साडेदहाला आत सोडायला मान्यता दिली तर साडेदहाला न्या. तास संपला की ठरल्या वेळी घरी. इथे पालक एक गोष्ट हमखास करतात. मूल आनंदात दिसलं की "आज अजून अर्धा तास थांब की" म्हणतात. तसं करू नका. ठरल्याप्रमाणेच न्यायला या. तुमचा शब्द पाळला जातो हे कळलं की ते पुढच्या वेळी जास्त थांबायला तयार होतं.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. तासाच्या मध्ये रडलं म्हणून लगेच उचलून आणलं तर रडलं की घर मिळतं एवढंच त्याच्या लक्षात राहतं. म्हणून रडू आलं तर कुठे बसायचं, कोणाजवळ जायचं हे आधी ठरलेलं हवं. ग्रंथालयाचा कोपरा, समुपदेशकांची खोली, एखाद्या मावशी. ती व्यक्ती रोज तीच असावी. फसवून नेऊ नका. "नुसतं फाटकापर्यंत जाऊन येऊ" म्हणून आत सोडून पळून आलात तर पुढचे महिने ते मूल घराबाहेर पडताना तुमचा हात सोडणार नाही.

घरी असलेल्या दिवशी शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. शिक्षा म्हणून नव्हे, तर घरचा दिवस शाळेच्या दिवसासारखा साधा असावा म्हणून. थोडं वाचन, थोडं काम, डबा भरून मधल्या सुट्टीच्या वेळेला खायचा. हे आजी-आजोबांना आधी समजावून सांगा. त्यांना नातवाचा लळा असतो, आणि "एक दिवस नाही गेला तर काय बिघडलं" हे ते प्रेमानेच म्हणतात. त्यांच्याकडे एखादं काम सोपवा, उदाहरणार्थ रोज संध्याकाळी उद्याचं दप्तर त्याच्याबरोबर भरणं. विरोध आपोआप मावळतो.

आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या. एखादा आठवडा मागे जाईल. तेव्हा फक्त आधीच्या पायरीवर या, पहिल्यापासून सुरू करू नका.

ये-जा हा वेगळा मुद्दा आहे. कित्येक मुलांना शाळा चालते, व्हॅन चालत नाही. कोंबून बसवलेली मुलं, गाणी, हॉर्न, सिंहगड रस्त्यावरची किंवा वाकडच्या चौकातली कोंडी. काही दिवस स्वतः सोडून बघा. त्या दिवशी नकार आला नाही तर कारण सापडलं. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, असा राज्याचा स्कूल बसबद्दलचा २०११ चा नियम आहे. पुढची जागा, शेवटी चढवणं आणि आधी उतरवणं, मदतनीस, असल्या मागण्या त्या समितीकडे लेखी द्या.

सकाळच्या वेळेबद्दलही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय काढला. रात्रीच्या औषधाने उशिरा जाग येणाऱ्या मुलाची शाळा अजून सातला भरत असेल तर हा निर्णय दाखवून विचारता येतं.

पुण्याचं वर्ष आधीच मांडून ठेवा

राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याच सुमारास पालख्या शहरात येतात. रस्ते बंद, वेळा बदललेल्या, एखादी सुट्टी, आणि वर पाऊस. नुकती बसू पाहणारी घडी मोडते. मग ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. नदीकाठच्या भागांत राहणाऱ्या, आवाजाला संवेदनशील असलेल्या मुलांची झोप त्या आठवड्यांत उडते आणि सकाळची शाळा बुडते. हे दरवर्षी होणारच आहे, म्हणून आधीच शाळेला सांगून ठेवा की या काळात तो तासभर उशिरा येईल. घरी भिंतीवर महिन्याचा कागद लावून बदलाचे दिवस रंगवा, मुलाला आदल्या दिवशी दाखवा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या शेवटच्या आठवड्यात उठण्याची वेळ शाळेची करून टाका.

शाळा ऐकत नसेल तर

पत्राला उत्तर नाही, किंवा रोज बारा वाजता न्यायला या असा फोन चालूच आहे, तर पुढची पायरी. प्रत्येक वेळी मुलाला लवकर नेताना शाळेच्या नोंदवहीत वेळ आणि कारण लिहून घ्या. "आपल्या सांगण्यावरून नेत आहे" हे शब्द लिहा. नंतर तोंडी काहीही म्हटलं गेलं तरी हे पान बोलतं.

मग शाळा कुठल्या हद्दीत आहे ते बघा, नव्या लोकांचा इथे फार गोंधळ होतो. कोथरूड, हडपसर, खराडी पुणे महापालिकेत. वाकड, पिंपळे सौदागर, निगडी पिंपरी-चिंचवड महापालिकेत. हिंजवडी मुळशी तालुक्यात, तिथे पंचायत समितीचे गट शिक्षणाधिकारी. महापालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार द्या, सोबत हजेरीच्या तारखा, अर्जाच्या पोच आणि अहवाल जोडा. आरटीईच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने अशी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची असते. त्याच विभागात सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याच्या, विषयतज्ज्ञांबद्दल विचारा. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना त्यांची मदत मिळते.

भेदभाव उघड असेल तर दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. महाराष्ट्राचं ते कार्यालय पुण्यातच, कॅम्पात चर्च रस्त्यावर आहे. इतर जिल्ह्यांतले पालक त्यासाठी रात्रीचा प्रवास करून येतात.

या टप्प्यावर काही शाळा सुचवतात की मुलाला घरूनच शिकवा. बहुविध किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो हक्क मुलाचा आणि पालकांचा आहे. शाळेने सोयीसाठी लादण्याची ती गोष्ट नाही. तुम्हाला तो मार्ग हवा असेल तर खुशाल घ्या, पण कोणाच्या तरी अडचणीपायी संमतिपत्रावर सही करू नका.

नववीपासून पुढे गणित जरा वेगळं होतं. दहावी-बारावीला ७५ टक्के उपस्थितीची अट असते, आजारपणासारख्या कारणाने सूट मागता येते, पण कागद वेळच्या वेळी दिलेले हवेत. जानेवारीत जमवलेली सर्टिफिकिटं उपयोगी पडत नाहीत, म्हणून प्रत्येक गैरहजेरीनंतर त्याच आठवड्यात चिठ्ठी आणि डॉक्टरांचा कागद शाळेत द्या. रोज शाळेत बसणं मुलाला झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करता येते. तिचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. एकेक विषय सवडीने देता येतो. आमच्या गटातली काही मुलं त्या मार्गाने गेली आणि शांतपणे शिकली.

शाळा बदलायची वेळ आलीच तर आधी नवी शाळा बघा, मुलाला घेऊन मधल्या सुट्टीच्या वेळेला जा, कारण शाळेचा खरा आवाज तेव्हाच ऐकू येतो. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेने लगेच द्यायचा असतो, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. निघताना दाखल्याबरोबर तारखांची हजेरी आणि शाळेने मान्य केलेल्या सोयींच्या पत्राची प्रत मागून घ्या. नव्या वर्गशिक्षिकेच्या हातात पहिल्याच दिवशी ते पत्र आणि एक पानाचं टिपण द्या: त्याला काय आवडतं, कशाने त्रास होतो, त्रास झाला तर काय करायचं, आणि पहिले दोन आठवडे त्याला फाटकापाशी कोण घेणार.